एकवीस दिवस

सेलूला नळ आठव्या दिवशी येतो.
ते पाणी मी दोन रात्री ड्रमात उघडं ठेवते,
क्लोरीनचा वास उडेपर्यंत,
मग मगाने, काठाकाठाने टाकीत सोडते,
तापातल्या माणसाला पेज भरवावी तसं.

टाकी लॅबमध्ये, बाकाच्या समोर.
तीन फुटी. चार वर्षं झाली.
साखर तपासायला उपाशीपोटी आलेली माणसं
तिच्याकडे बघत आपल्या नावाची वाट पाहतात.

दहा डॅनियो होते. आता चार.
कुणी मारले नाहीत, रोगाने गेले नाहीत.
वय झालं.

विश्वंभरराव परवा म्हणाले,
"बाई, आदी मासे मोजून होईस्तोर माझा लंबर यायचा.
आता मोजून सरतेत, अन् मी हाय तिथंच."

चारांचा घोळका होत नाही.
एक हीटरमागे, एक फिल्टरच्या धारेखाली,
दोन कुठेतरी.
एकाच जिन्यावरून वर्षानुवर्षं जाणाऱ्या भाडेकरूंसारखे.
गौरामीचं मात्र बरं चाललंय.
लाकडाखालचा अंधार त्याचा, त्यापुढची वितभर वाळूही त्याचीच.

पाणी किंचित कोऱ्या चहाच्या रंगाचं.
अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य.
दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात
असा निर्धोक आकडा मी शोधत असते.
तो इथे आहे.
असं पाणी जमायला एक वर्ष लागलं
आणि अकरा मासे.

अझहरचा फोन आला.
"ताई, सिकंदराबादहून खोकं उतरलंय.
आठ डॅनियो काढून ठेवू का?
टायगर बार्बपण हैत, एकदम चमकदार."
बार्ब नको. गौरामीच्या मिशा कुरतडतील.
आणि त्या मिशा नाहीतच, हात आहेत त्याचे.
"मग डॅनियो?"
सांगते, म्हटलं.
त्या संध्याकाळी हिमोग्लोबिनच्या रकान्यात
मी एका बाईंचं वय टाइप केलं.

कारण पहिलं साल आठवतं मला.
एकच मासा आणला होता, पिशवीत छान फिरत होता.
चौथ्या दिवशी सगळ्यांच्याच अंगावर
मीठ भुरभुरावं तसे ठिपके.
एक ठिपका काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला.
आतला जीव सावकाश गोल फिरत होता,
मजेत.
त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तरी आणले आठ.
टाकीत नाही. मागच्या खोलीत,
सेंट्रिफ्यूजशेजारी निळ्या टबात.
टबावर चिठ्ठी लावली, नमुन्यांवर लावते तशी:
नावं नाहीत. वय माहीत नाही. दिवस एकवीस.
द्वारकाबाईंना सांगितलं, फरशी पुसताना हा टब हलवू नका.
त्या वाकून बघत म्हणाल्या,
"इतके दिस कोंडून? काय गुन्हा केला त्यांनी?"

काहीच नाही, द्वारकाबाई.
बाहेरच्यांनीही केलेला नाही.

आठ, अकरा, चौदा. ठिपका नाही.
पण निर्णयही नाही.
असू दे ना, वाटायचं, चौघं आपापलं वय संपवतील,
टाकी हळूहळू एकट्या गौरामीची होईल,
पाणी असंच शून्य राहील.
मग सकाळी बाकावर माणसं बसायची
आणि दोन मिनिटांत मोजून मोकळी व्हायची.

अझहर जाताना म्हणाला होता,
"सोडायच्या आदल्या रात्री दगड हलवा, ताई.
जुन्यांनापण घर नवं वाटतंय मग.
आधी कोण आलं, ते कुणालाच आठवत नाही."

काल सतरावा दिवस.
शटर अर्धं ओढलेलं, शेवटचा रिपोर्ट गेलेला.
काही ठरवलं नव्हतं मी.
बाही कोपराच्या वर गेली तेव्हाही नाही.
लाकूड उजवीकडे सरकवलं,
मोठा दगड आडवा केला,
वाळूचा धूर उठला, चौघं पळाले, एका दिशेने,
कितीतरी महिन्यांनी एका दिशेने.

गौरामी आला नाही बराच वेळ.
मग आला.
ते दोन दोऱ्यासारखे हात पुढे करून
माझ्या मनगटावर आतल्या बाजूने
थांबत, चाचपत, परत मागे येत,
मी रोज शीर शोधते तसा.

हात हलवू नका, मी लोकांना सांगते.
हलवला नाही.
अजून चार दिवस आहेत.